खुंट्या न पिळता गिटारचा सूर उतरवणे: पिच-शिफ्टरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका गाण्याला ई फ्लॅट लागतं, दुसऱ्याला डी स्टँडर्ड (दोन्हींत सगळ्या तारा सारख्याच उतरवलेल्या), तिसऱ्याला ड्रॉप सी (त्यात जाड तार बाकीच्यांपेक्षा आणखी खाली), आणि हातात गिटार एकच. दर वेळी खुंट्या पिळायच्या, की एक पेडल दाबून काम भागवायचं? जॅमरूममध्ये हा वाद सतत चालतो. माझं मत असं: पिच-शिफ्टर, म्हणजे आवाजाचा सूर वर-खाली करणारं हे पेडल, उत्तम साधन आहे, पण तो बदलतो फक्त सूर, तार नाही. तुमच्या गाण्याला नुसता खालचा सूर हवा आहे की सैल, जाड तारेचा स्वभावही हवा आहे, हे आधी ओळखलं तर पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सोपे होतात.

पिच-शिफ्टर नेमकं काय करतो?

गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ई, म्हणजे ८२.४१ हर्ट्झ. पेडलवर 'दोन सेमीटोन खाली' (सेमीटोन म्हणजे हार्मोनिअमच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) लावलं की तीच तार ७३.४२ हर्ट्झवर, म्हणजे डी सुरात ऐकू येते. बाकीच्या पाच ताराही त्याच प्रमाणात उतरतात. तारा आहेत तिथेच राहतात, बदलतो तो पिकअपमधून (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागातून) आलेला विद्युत संकेत.

हार्मोनिअमच्या भाषेत सांगायचं तर स्टँडर्ड, म्हणजे नेहमीच्या सुरात लावलेल्या गिटारची जाड तार पांढरी तीनची. एक सेमीटोन खाली गेलात की काळी दोन, दोन खाली पांढरी दोन, तीन खाली काळी एक, चार खाली पांढरी एक. पाच सेमीटोन उतरलात की खालच्या सप्तकातली पांढरी सात, म्हणजे बी, जी सात तारांच्या गिटारची सातवी तार असते.

आतमध्ये हे कसं घडतं? आवाज थरथरतो तो कशामुळे?

जरा सविस्तर सांगतो, कारण पेडलचे बहुतेक दोष इथूनच येतात.

सगळ्यात जुनी पद्धत अशी: येणारा आवाज एका छोट्या स्मृतीत लिहायचा आणि लिहिण्यापेक्षा हळू वेगाने वाचायचा. हळू वाचलं की सूर खाली येतो. पण मग वाचणारा लिहिणाऱ्याच्या मागे पडत जातो. चार सेमीटोन खाली जायचं तर वाचनाचा वेग मूळच्या ७९ टक्के राहतो, म्हणजे दर सेकंदाला सुमारे २०६ मिलिसेकंदांची पिछाडी. ती भरून काढायला यंत्राला मधूनमधून पुढे उडी मारावी लागते. स्मृतीची खिडकी ३० मिलिसेकंदांची धरली तर सेकंदाला साधारण सात उड्या होतात. दोन सेमीटोनला त्या साडेतीनच्या आसपास येतात. प्रत्येक उडीच्या जागी आवाजाचे दोन तुकडे एकमेकांत मिसळून जोडतात. जोड बरोबर बसला तर कानाला कळत नाही, चुकला तर थरथर ऐकू येते. जितकं खाली जाल तितक्या उड्या जास्त, म्हणून आवाजही तितका जास्त बिघडतो.

दुसरी पद्धत आवाजाचं विश्लेषण करून त्यातल्या कंप्रता वेगळ्या काढते आणि खाली सरकवते. तिची अडचण वेगळी. खालचे ई आणि एफ हे शेजारचे सूर एकमेकांपासून जेमतेम ५ हर्ट्झ दूर असतात. ते स्वच्छ वेगळे ओळखायचे तर सुमारे २०० मिलिसेकंदांचा आवाज हाताशी हवा, आणि वाजवणारा तेवढा वेळ थांबू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक पेडल अचूकपणा आणि वेग यांच्यात कुठेतरी तडजोड करतं. महागड्या आणि स्वस्त पेडलमधला खरा फरक ही तडजोड किती हुशारीने केली आहे, यात असतो.

हे तंत्र कधीपासून आहे?

इव्हेंटाइडचा एच९१० हार्मोनायझर १९७५ सालचा. तो स्टुडिओच्या रॅकमधला डबा होता. गिटारवाल्यांच्या पायाखाली हे तंत्र आलं ते १९८९ च्या, डिजिटेक कंपनीच्या व्हॅमी पेडलमुळे. पहिला व्हॅमी एका वेळी एकच सूर नीट पकडायचा, कॉर्ड (अनेक सूर एकदम) वाजवली की गोंधळायचा. आज आपण ज्याला ड्रॉप-ट्यून म्हणतो ते शक्य झालं कॉर्ड पेलणारी, म्हणजे पॉलिफोनिक पेडलं आल्यावर. डिजिटेकचं 'ड्रॉप' हे त्यातलं बहुधा सगळ्यात ओळखीचं: एक ते सात सेमीटोन, पूर्ण ऑक्टेव्ह, आणि ऑक्टेव्हसोबत मूळ आवाज, एवढीच बटणाची कामं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा पिच फोर्क, लाइन ६ हेलिक्समधला पॉली केपो, फ्रॅक्टलचा व्हर्च्युअल केपो, न्यूरल डीएसपीच्या प्लगइनांमधला ट्रान्सपोज हे त्याच कामाचे इतर मार्ग.

किती सेमीटोनपर्यंत आवाज खरा वाटतो?

चांगल्या पॉलिफोनिक पेडलवर एक-दोन सेमीटोन निर्धास्त वापरा. बँडसोबत वाजवताना ऐकणाऱ्याला कळणारही नाही. तीन सेमीटोन चालतात. चारला स्वच्छ आवाजातल्या कॉर्ड जरा कृत्रिम वाटायला लागतात, पण डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाटवलेल्या आवाजात) निभावून जातं. पाच आणि त्याखाली मी तरी फक्त सरावासाठी किंवा मुद्दाम वेगळा परिणाम हवा असेल तेव्हाच जाईन.

यामागे थरथर हे एकच कारण नाही. सूर उतरतो तेव्हा आवाजाचा सगळा रंगच खाली सरकतो. पिकअपचा स्वतःचा एक उठाव असतो, समजा तो ४,००० हर्ट्झच्या आसपास आहे. दोन सेमीटोनला तो साधारण ३,५६० वर येतो, पाचला ३,००० वर, पूर्ण ऑक्टेव्हला २,००० वर. खरी तार सैल केली तर हा उठाव जागचा हलत नाही, कारण पिकअप तोच असतो. म्हणून खूप खाली नेलेला आवाज कोंदट, जाड ब्लँकेटखालून आल्यासारखा वाटतो. पेडलनंतर इक्वलायझरने ३ ते ५ किलोहर्ट्झ थोडं उचललं आणि २०० हर्ट्झच्या आसपास थोडं कापलं तर बरीच सुधारणा होते.

खरी तार सैल केल्यावर मिळतं आणि पेडलने मिळत नाही, असं काय आहे?

तारेचा ताण कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दोन सेमीटोन उतरवलं की ताण सुमारे २१ टक्क्यांनी घटतो, चार उतरवलं की ३७ टक्क्यांनी, पाच उतरवलं की ४४ टक्क्यांनी. त्यामुळे सैल तारेवर जोरात पिक मारला की सूर क्षणभर वर जाऊन परत खाली बसतो, तार फ्रेटवर किंचित गुरगुरते, बेंड (तार ओढून सूर चढवणं) सहज होतो. डूम आणि स्लज मेटलचा (मेटलच्या संथ, जड प्रकारांचा) अर्धा जीव या ढिलेपणात आहे. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि डावखुरा असल्याने तोच हात फ्रेटवर. आधी हलक्या तारा, आणि १९७१ पर्यंत तीन सेमीटोन खाली, सी शार्प. सैल तारांनी बोटांना आराम मिळाला आणि त्यातूनच एका संगीतप्रकाराचा आवाज घडला. पेडलने सी शार्प मिळेल, तो ढिलेपणा मिळणार नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. वेगवान, काटेकोर पाम म्यूटचे (तळहाताने तारा दाबून वाजवलेले) रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारे तुकडे, वाजवणाऱ्याला घट्ट तारच हवी असते. स्टँडर्डच्या ताणात ठेवलेली तार आणि पेडलवरचे दोन सेमीटोन हा अशा वादकाला सोयीचा करार आहे.

मग जाड तारा लावणं आणि पेडल घेणं, यात काय निवडू?

बहुतांश गाणी एकाच खालच्या ट्यूनिंगमध्ये असतील तर तारा बदला. १०-४६ चा संच (बारीक आणि जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) स्टँडर्डमध्ये जसा हाताला लागतो तसाच ताण डीमध्ये हवा असेल तर जाड तार ५२ च्या आसपास आणि बारीक ११ ची लागेल. सी स्टँडर्डसाठी जाड तार ५८ आणि बारीक १२ किंवा १३. नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा रुंद कराव्या लागतील, ट्रस रॉड (मानेतली सळई) आणि इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं) नव्याने लावावं लागेल. चांगल्या कारागिराकडून एकदा सेट-अप करून घेतलं की गिटार वर्षभर सुख देते. बी किंवा त्याखाली कायम राहायचं असेल तर लांब मानेची बॅरिटोन किंवा सात तारांची गिटार बघा.

एकाच कार्यक्रमात तीन ट्यूनिंग लागत असतील तर पेडल घ्या. गिटारवर फ्लॉइड रोज ट्रेमोलो (स्प्रिंगवर तोललेला, तारा लॉक करणारा ब्रिज) असेल तर नक्कीच. त्यात एका तारेचा ताण बदलला की स्प्रिंगचा तोल जाऊन बाकी पाचही तारा बिघडतात, शिवाय नटचे लॉक पाना घेऊन उघडावे लागतात. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात ते होणं नाही.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांसाठी एक जास्तीचं कारण. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने लाकूड हलतं, मान वाकते, तारा गंजतात. प्रत्येक ट्यूनिंगची वेगळी गिटार सांभाळणं तिथे खर्चाचं आणि कष्टाचं काम आहे. एक गिटार नीट सांभाळणं त्या मानाने सोपं.

पेडल चेनमध्ये कुठे ठेवायचं?

सगळ्यात आधी. गिटारची केबल थेट पिच-शिफ्टरमध्ये, त्यानंतर वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, मग डिले आणि रिव्हर्ब.

डिस्टॉर्शन दोन सुरांपासून अनेक नवे, मूळ आवाजात नसलेले सूर तयार करतं. तो सगळा गुंता पिच-शिफ्टरसमोर ठेवला तर त्याला काहीच नीट ओळखता येत नाही. स्वच्छ आवाज आधी उतरवला आणि मग डिस्टॉर्शनमध्ये सोडला तर ॲम्पला वाटतं की समोर खरोखरच खाली लावलेली गिटार आहे. शिवाय डिस्टॉर्शन वरच्या पट्ट्यात नवे हार्मोनिक तयार करत असल्याने मघाशी सांगितलेला कोंदटपणाही बराच झाकला जातो. नॉइज गेट वापरत असाल तर तो पिच-शिफ्टरच्या नंतर, कारण या पेडलचा स्वतःचाही थोडा खरखराट असतो.

ट्यूनर मात्र पिच-शिफ्टरच्याही आधी लावा, म्हणजे पडद्यावर नेहमीचे ई, ए, डी, जी, बी, ई दिसतील.

लेटन्सी (तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर) किती असते? हाताला जाणवते का?

जाणवते. पहिल्या दिवशी जास्त, सवयीने कमी. खालच्या ई तारेचं एक आवर्तनच १२ मिलिसेकंदांचं असतं. सूर कोणता हे ठरवायला यंत्राला निदान एवढा आवाज ऐकावा लागतो, म्हणून शून्य लेटन्सीचा पिच-शिफ्टर ही गोष्ट अस्तित्वात असू शकत नाही.

याकडे व्यवहारी नजरेने बघू. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांची लेटन्सी ही ॲम्पपासून साडेतीन मीटर लांब उभं राहण्याएवढी. ती सगळेच सहन करतात. २० मिलिसेकंद झाले की मिनिटाला १८० मात्रांच्या लयीतल्या सोळांश (मात्रेला चार) सुरांमध्ये अडचण येते, कारण तिथे एक सूरच ८३ मिलिसेकंदांचा असतो आणि त्याचा चौथा हिस्सा वाट बघण्यात जातो. संथ, जड रिफमध्ये तेच २० मिलिसेकंद कोणी मोजत नाही.

कंप्युटरवर प्लगइन वापरत असाल तर ऑडिओ इंटरफेसची लेटन्सी यात मिळवा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेला २.७ मिलिसेकंद, जायला-यायला ५.३, वर कन्व्हर्टरचा थोडा वेळ. पिच-शिफ्टर चालू असताना बफर ६४ वर आणता आला तर आणा. ॲम्पजवळ उभं राहणं किंवा हेडफोन वापरणं हाही लेटन्सी कमी करण्याचाच एक मार्ग आहे, आणि तो फुकट आहे.

घरी कमी आवाजात वाजवताना सगळं बेसूर वाटतं. पेडल खराब आहे का?

नाही. तुम्ही दोन गिटार एकदम ऐकताय. स्पीकरमधून ई फ्लॅट येतोय आणि तारांमधून थेट ई ऐकू येतोय. एका सेमीटोनचा फरक कानाला सगळ्यात जास्त टोचतो, म्हणून ई फ्लॅटवर हा त्रास सर्वाधिक. आवाज वाढवा, किंवा कान पूर्ण झाकणारे बंद पाठीचे हेडफोन लावा. गिटार अंगाला टेकलेली असल्याने थोडा मूळ सूर शरीरातूनही जाणवतो, त्याची सवय होते. अकूस्टिक गिटारवर मात्र हा प्रश्न सुटत नाही. तिचा स्वतःचा आवाज खोलीत इतका मोठा असतो की लहान बैठकीत पिच-शिफ्टर वापरण्यात अर्थ नाही.

ड्रॉप डी पेडलने होईल का?

साध्या पेडलने नाही. गिटारच्या एका केबलमधून सहाही तारांचा एकत्र आवाज येतो. त्यातली फक्त जाड तार वेगळी काढून उतरवणं पेडलला जमत नाही, ते सगळ्याच तारा उतरवतं.

पण दोन्ही उपाय एकत्र केले तर छान जमतं. जाड तार हाताने डीवर आणा, हे दहा सेकंदांचं काम आहे. मग पेडलवर दोन सेमीटोन लावले की ड्रॉप सी मिळतो: सी, जी, सी, एफ, ए, डी. तीन लावले की ड्रॉप बी.

प्रत्येक तार वेगळी हलवायची असेल तर प्रत्येक तारेला स्वतंत्र पिकअप लागतो. लाइन ६ ची व्हेरिॲक्स गिटार किंवा रोलंडचे जीके पिकअप या मार्गाने जातात. तिथे यंत्रासमोर एका वेळी एकाच तारेचा सूर असल्याने ओळखणंही सोपं होतं. दोष एवढाच की शेजारच्या तारेची कंपनं ब्रिजमधून थोडी झिरपतात, आणि जोरदार पाम म्यूटमध्ये ते कानावर येतं.

बेस गिटारसाठीही हेच पेडल चालेल?

चालतं, पण निकाल कमी समाधानकारक. बेसची ई तार ४१.२ हर्ट्झची, तिचं एक आवर्तन २४ मिलिसेकंदांचं, म्हणजे यंत्राला गिटारच्या दुप्पट वाट बघावी लागते. बेसवादकाला पाच तारांचा बेस सुचवा. त्याची खालची बी तार ३०.८७ हर्ट्झची असते, त्यामुळे डी, सी, बी यांतलं काहीही कुठल्याही पेडलशिवाय वाजवता येतं. गिटार पेडलवर आणि बेस खरा असला की एकूण आवाजही भरीव राहतो.

गायकाची पट्टी बदलली तर उपयोग होतो का?

ऑर्केस्ट्रात आणि भावगीतांच्या कार्यक्रमात वाजवणाऱ्यांसाठी तर हा मला पिच-शिफ्टरचा सगळ्यात सुंदर उपयोग वाटतो, आणि त्याबद्दल बोललं जातं फार कमी. गायिका म्हणते, 'आज गळा बसलाय, अर्धा सूर खाली घेऊ.' हार्मोनिअमवाला सहज पट्टी बदलतो. गिटारवाल्याची पंचाईत होते, कारण केपो (मानेवर तारा दाबणारा चिमटा) सूर वर नेतो, खाली आणत नाही. मोकळ्या तारांवर बसवलेला ई मेजरचा तुकडा काळी दोनमध्ये वाजवायचा तर सगळे आकार बदलतात आणि मोकळ्या तारांची आस जाते. इलेक्ट्रिक गिटार असेल तर पेडल एक सेमीटोन खाली लावा आणि ठरलेले आकार तसेच वाजवा.

गिटार थोडी बेसूर असेल तर पेडल सांभाळून घेईल का?

नाही. पाच सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) चढलेली तार उतरवल्यावरही पाच सेंट चढलेलीच राहते. किंबहुना तारा सुरात नसतील तर पॉलिफोनिक यंत्राला कॉर्ड ओळखणं जड जातं आणि थरथर वाढते. चालू करण्याआधी नीट सुरात लावा.

फीडबॅकवर लांबवलेले सूर धरता येतात का?

नेहमीसारखे नाही. एरवी स्पीकरचा सूर तारेला त्याच कंप्रतेवर हलवतो आणि सूर टिकतो. इथे स्पीकर डी वाजवतोय आणि तार ईची आहे, त्यामुळे ती देवाणघेवाण जुळत नाही. फीडबॅक आला तरी अनपेक्षित सुरावर येतो. ज्या गाण्यात लांब धरलेला सूर महत्त्वाचा आहे तिथे खरी ट्यूनिंग वापरा.

रेकॉर्डिंगमध्ये वापरावं का?

डेमोसाठी बिनधास्त. पक्क्या रेकॉर्डिंगसाठी वेळ असेल तर तारा खरोखर उतरवा, स्टुडिओत कोणी घाई करत नसतं.

तरीही वापरायचंच ठरलं तर गिटारचा कोरा, इफेक्टविरहित आवाज वेगळ्या ट्रॅकवर नोंदवून ठेवा आणि वाजवताना कानात मात्र पिच-शिफ्ट केलेला आवाज घ्या, म्हणजे हात त्या सुराला प्रतिसाद देत वाजवेल. नंतर कोऱ्या ट्रॅकवर सॉफ्टवेअरने सूर उतरवा. तिथे यंत्राला घाई नसते, पुढचा आवाजही आधीच बघता येतो, त्यामुळे तेच चार सेमीटोन पेडलपेक्षा पुष्कळ स्वच्छ निघतात. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एलास्टिक नावाचा अल्गोरिदम आतच दिलेला आहे.

निव्वळ सरावासाठी पैसे न घालवता काही करता येईल?

हो, उलटं करा. गिटार स्टँडर्डमध्येच ठेवा आणि गाणंच एक सेमीटोन वर चढवा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लय न बदलता सूर बदलता येतो. ई फ्लॅटमधलं गाणं ईमध्ये येतं आणि तुम्ही नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये त्यासोबत वाजवू शकता. लेटन्सी नाही, बेसूर वाटणं नाही.

अडॅप्टर कोणता लावू?

पेडलच्या मागे जो छापलेला असेल तोच. ही डिजिटल पेडलं साध्या ओव्हरड्राइव्हपेक्षा कितीतरी जास्त करंट घेतात, त्यामुळे एकाच अडॅप्टरवर माळ लावून चालवली की आवाजात शिट्टीसारखा गोंगाट शिरतो. वापरलेला व्हॅमी घेणाऱ्यांनी विशेष जपा: चौथ्या आवृत्तीला ९ व्होल्ट एसी लागतो, पाचव्या आवृत्तीला ९ व्होल्ट डीसी. दोन्ही अडॅप्टर हाताला सारखेच लागतात.

दुकानात पेडल कसं तपासू?

स्वतःची गिटार सुरात लावून न्या. दोन सेमीटोन खाली ठेवा आणि आधी डिस्टॉर्शन पूर्ण बंद करा. एक-एक सूर वाजवून काही कळणार नाही, सगळी पेडलं त्यात पास होतात. मोकळ्या तारांचा ई मायनर हळूच छेडा आणि विझेपर्यंत ऐका. थरथर असेल तर ती आवाज विरत जाताना उघडी पडते. मग खालच्या दोन तारांवर फ्रेट एक ते पाचमध्ये पॉवर कॉर्ड वाजवा. त्यानंतर नेहमीचा सगळ्यात वेगवान रिफ, आणि हे करताना ॲम्प इतका मोठा हवा की तारांचा आवाज झाकला जाईल. शेवटी डिस्टॉर्शन चालू करून हेच सगळं चार सेमीटोनवर पुन्हा. दुकानदार घाई करत असेल तर दुपारी, गर्दी नसताना जा.